बालबोधकार विनायक कोंडदेव ओक

आपल्या संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे द्यावयाची, असा परिपाठ आहे. तो स्तुत्यच आहे. पूर्वजांच्या कर्तृत्वाची ओळख मुलाबाळांस घरच्या घरी व्हावी, यासाठी स्मरणिकेसारखे दुसरे साधन नाही. तथापि यंदा हा परिपाठ किंचित बाजूस ठेवून, ज्यांनी आपल्या वाचकास त्याची ज्ञाती न विचारता केवळ वय विचारले, अशा एका गृहस्थांचे चरित्र आम्ही सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत. हे गृहस्थ म्हणजे ‘बालबोध’ मासिकाचे संपादक विनायक कोंडदेव ओक. मराठी बालवाङ्मयाच्या इतिहासात त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. परंतु ज्यांच्या पणज्या-खापरपणज्यांनी त्यांचे अंक वाचले, त्या घरांतून मात्र ते जवळजवळ विस्मृतीत गेले आहे. या विषयाकडे आमचे लक्ष वळण्यास एक घरगुती कारण घडले. ते योग्य स्थळी सांगू.

विनायकरावांचा जन्म २५ फेब्रुवारी १८४० रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील हेदवी या गावी झाला. गुहागरच्या दक्षिणेस असलेले हे गाव दशभुज गणपतीच्या देवालयामुळे आणि समुद्रकाठच्या खडकातील बामणघळीमुळे आज प्रवाशांच्या परिचयाचे आहे. त्या काळी मात्र कोकणातून मुंबईस यावयाचे म्हणजे गलबताची वाट धरावी लागे. आगगाडी हिंदुस्थानात यावयास अद्याप तेरा वर्षांचा अवधी होता. मुंबई विश्वविद्यालयाची स्थापना झाली, तेव्हा विनायकराव सतरा वर्षांचे होते. म्हणजे ज्या पिढीने पंतोजींच्या शाळेत धुळपाटीवर अक्षरे गिरविली आणि पुढे छापील पुस्तकांचे युग आपल्या डोळ्यांनी पाहिले, त्या पिढीचे ते.

त्या वेळी मराठी मुलाच्या हाती पडण्याजोगी पुस्तके किती होती, हे पाहिल्यावाचून विनायकरावांच्या कार्याचे मोल कळणार नाही. मुंबईत १८२२ साली शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली. तिच्या आश्रयाने सदाशिव काशीनाथ छत्रे, ज्यांना लोक बापू छत्रे म्हणत, यांनी १८२८ साली ‘बाळमित्र’ व ‘इसपनीतिकथा’ ही पुस्तके सिद्ध केली. पैकी ‘बाळमित्र’ हे मूळचे फ्रेंच. ते इंग्रजीच्या वाटेने मराठीत आले. मराठी मुलाच्या पहिल्या छापील पुस्तकांपैकी एकाने असा दोन देशांचा प्रवास केला होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे १८५५ साली सरकारी शिक्षणखाते निघाले आणि मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तके तयार झाली. परंतु ही सारी पुस्तके शाळेची. गुरुजींच्या छडीच्या धाकाने उघडावयाची आणि परीक्षा झाली की मिटावयाची. शाळा सुटल्यावर, ओटीवर किंवा माजघरात बसून, कोणी न सांगता मुलाने आपल्या खुशीने वाचावे, असे छापील वाङ्मय फारच थोडे होते. गोष्टी होत्या, पण त्या आजीच्या तोंडी. पोथ्या होत्या, पण त्या देवघरात. मिशनरी मंडळींनी ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक काढले होते खरे. परंतु त्याचा हेतू धर्मप्रसाराचा असल्यामुळे पुष्कळ घरांतून त्यास दाराबाहेरच थांबावे लागले.

विनायकरावांची नोकरी शिक्षणखात्यात होती. मुलांस काय समजते व कोठे त्यांची गाडी अडते, हे जाणण्यास याहून चांगली जागा दुसरी नव्हे. शाळा पाहता पाहता मुलांच्या मनाचीही पाहणी त्यांनी केली असावी, असे त्यांच्या लेखनावरून वाटते. ‘मधुमक्षिका’, ‘हिंदुस्थान कथारस’ आदी त्यांची पुस्तके याच अनुभवातून निघाली. इतिहास हा सनावळ्यांचा विषय नसून गोष्टींचा विषय आहे, ही त्यांची समजूत ‘कथारस’ या नावावरूनच दिसून येते.

त्यांच्या आयुष्यातील मुख्य वर्ष १८८१ हे होय. त्याच वर्षाच्या आरंभी पुण्यास ‘केसरी’ निघाला. आणि त्याच वर्षी ‘बालबोध’ सुरू झाले. एक पत्र मोठ्यांस जागे करण्यासाठी, तर दुसरे लहानांस वाचावयास लावण्यासाठी. इतिहासकारांनी पहिल्याचे गुणगान पुष्कळ केले, आणि ते यथार्थच आहे. परंतु १८९० च्या पुढे ‘केसरी’ वाचणाऱ्या तरुणांपैकी कितीएकांस वाचनाची पहिली गोडी ‘बालबोधा’ने लाविली असेल, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

या मासिकास छापखानाही तोलामोलाचा लाभला. जावजी दादाजी यांचा निर्णयसागर छापखाना १८६९ साली निघाला होता. काळबादेवीजवळच्या कोलभाट गल्लीतील या छापखान्याचे नाव संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध छपाईमुळे पुढे काशीपासून युरोपपर्यंत पोहोचले. राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कसबी कारागिराने कोरलेले तेथील देवनागरी खिळे इतके ठसठशीत व डौलदार होते की, नुकतीच अक्षरओळख झालेल्या मुलास ते ओळखावयास श्रम पडू नयेत. मोठ्या पंडितांचे ग्रंथ ज्या छापखान्यात छापले जात, त्याच छापखान्यात मुलांचे मासिक छापले जावे, हा मुलांचा मोठाच सन्मान होता. जावजी १८९२ साली वारले. परंतु मासिक थांबले नाही.

विनायकरावांनी हे मासिक १८८१ पासून ९ ऑक्टोबर १९१४ रोजी आपला देह ठेवीपर्यंत चालविले. या अवधीत त्यांच्या लेखणीतून ४०२ चरित्रे, ४०२ कविता, ४०२ निबंध, ४०२ शास्त्रीय लेख आणि शिवाय सुमारे ८५० किरकोळ विषयांवरील लेख उतरले, अशी नोंद आहे. हे आकडे वरवर वाचून पुढे जाऊ नये. ४०२ या संख्येस बाराने भागिले असता साडेतेहेतीस वर्षे होतात; आणि मासिकाचे आयुष्यही तेवढेच आहे. याचा अर्थ असा की, प्रत्येक महिन्यास एक चरित्र, एक कविता, एक निबंध, एक शास्त्रीय विषय आणि वर दोन किरकोळ गोष्टी, हा नेम त्यांनी साडेतेहेतीस वर्षांत मोडला नाही. एकंदर बेरीज अडीच हजारांच्या घरात जाते. घरात दुखणे येते, मंगल कार्य निघते, मुंबईत प्लेगासारखी साथ येऊन माणसे घरेदारे सोडून जातात. तरी महिना भरला की मुलांचा अंक निघालाच पाहिजे, हे व्रत कोणत्याही वारकऱ्याच्या वारीहून कमी प्रतीचे नव्हे.

अंकाची ही ठरावीक मांडणी मुलांच्या दृष्टीने फार उपयोगाची होती. चरित्रातून देशोदेशींचे राजे, वीर, शोधक व साधुसंत यांची ओळख व्हावी; कवितेने पाठांतराची हौस भागावी; निबंधाने विचार करण्याची सवय लागावी; आणि शास्त्रीय लेखाने भोवतालच्या सृष्टीकडे डोळे उघडून पाहावयास शिकावे. पावसाळ्यात आकाशात वीज का चमकते, असे विचारणाऱ्या मुलास घरातील वडील माणूस बहुधा गप्प बसवीत असे. अशा घरात महिन्यास एक शास्त्रीय लेख येऊ लागणे, ही त्या काळी लहानसहान गोष्ट नव्हती. भाषा सोपी, वाक्ये आटोपशीर आणि विषय कितीही दूरचा असला तरी दाखला घरचा, अशी त्यांची लिहिण्याची रीत.

चरित्रकाराने गुणांबरोबर उणिवाही सांगाव्या. आजच्या वाचकास विनायकरावांच्या लेखनात उपदेश अंमळ अधिक वाटेल. गोष्ट रंगात आली असता तिला थांबवून बोध सांगण्याचा मोह त्या काळच्या सर्वच लेखकांस होता, आणि त्यांसही तो आवरला नाही. मुलांचा खट्याळपणा, त्यांचे हसणे-भांडणे, त्यांची स्वतःची बोली यांस त्यांच्या पानांत जागा थोडी. मूल हे लहान माणूस आहे आणि त्यास शहाणे करावयाचे आहे, अशी त्या पिढीची दृष्टी होती. मूल हे मूल म्हणूनच रमावे, ही दृष्टी पुढच्या पिढीने आणली. परंतु पाया घालणाऱ्याने कळस का चढविला नाही, असे विचारणे न्यायाचे होणार नाही.

विनायकरावांची लेखणी मुलांपुरतीच मर्यादित होती, असेही नव्हे. ‘बालबोध’ निघाले त्याच वर्षी, म्हणजे १८८१ साली, त्यांची ‘शिरस्तेदार’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. सरकारी कचेऱ्यांतील लाचलुचपत हा तिचा विषय. अद्भुतरम्य राजपुत्रांच्या कथा रचण्याच्या त्या काळात कचेरीतील टेबलाखालून चालणारा व्यवहार कादंबरीचा विषय करणे हे धाडसाचेच होते. एकाच वर्षी एका हाताने मोठ्यांचे दोष दाखवावे आणि दुसऱ्या हाताने उद्याची पिढी निर्दोष व्हावी म्हणून मासिक काढावे, यात आम्हांस एक सुसंगती दिसते.

त्यांच्या उतारवयात मुलांच्या वाङ्मयास नवे वारस लाभू लागले. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली ‘आनंद’ मासिक काढले आणि नावातच आपला हेतू सांगितला. बोधाकडून आनंदाकडे जाणारी वाट ती हीच. विनायकराव वारले ते वर्ष मोठ्या घडामोडींचे होते. टिळक मंडालेहून नुकतेच सुटून आले होते आणि युरोपात महायुद्ध पेटले होते. अशा गडबडीत मुलांच्या एका वृद्ध संपादकाचे जाणे फारसे कोणास जाणवले नसल्यास नवल नाही. त्यांचे वय त्या वेळी चौऱ्याहत्तर वर्षांचे होते.

आता ते घरगुती कारण सांगतो. आमचे कुटुंब मूळचे गिरगावातील चाळीत राहणारे. पुढे मुलुंडास आले. काही वर्षांपूर्वी मुलुंडाचे जुने घर पाडून तेथे नवी इमारत उठावयाची ठरली. घर रिकामे करण्याच्या धांदलीत माळ्यावरची एक पत्र्याची पेटी आम्ही न उघडताच रद्दीत देऊन टाकली. दोष सर्वस्वी आमचा. पेटीखाली अंथरलेल्या कागदांत एक फाटके पान मागे राहिले होते, तेवढे हाती लागले. ते ‘बालबोध’ मासिकाच्या एका अंकाचे पहिले पान होते. त्यावर मासिकाचे नाव होते, आणि वर्ष पंधरावे असल्याचा आकडा होता. सालाचा भाग फाटून गेला होता. समासात शाईने, कच्च्या हाताने, एका मुलीचे नाव लिहिले होते. ते नाव आमच्या पणजीबाईंचे होते. आणि आडनाव होते त्यांच्या माहेरचे.

आमच्या घरात पिढ्यानपिढ्या अशी समजूत होती की, पणजीबाईंस अक्षरओळख नव्हती. कागदपत्रांवर त्यांचा अंगठा उमटलेला आहे. त्यांस पुस्तक हाती धरलेले कोणी पाहिले नाही. मग हे नाव कोणी लिहिले, आणि केव्हा? आम्ही हिशेब केला. पहिले वर्ष १८८१ चे, तर पंधरावे वर्ष १८९५ साली सुरू झालेले असणार. त्याआधी हे अक्षर लिहिले जाणे शक्य नाही. पणजीबाईंचे लग्न शके १८२२ च्या वैशाखात, म्हणजे १९०० साली झाले, अशी नोंद घरच्या वहीत आहे. लग्नानंतर माहेरचे आडनाव लावण्याची रीत त्या काळी नव्हती. म्हणून हे अक्षर १८९५ ते १९०० या पाच वर्षांच्या आतले ठरते. पणजीबाई त्या वेळी सहा ते अकरा वर्षांच्या होत्या. म्हणजे माहेरी त्या लिहीत होत्या, वाचीत होत्या, आणि आपल्या अंकावर नाव घालण्याइतका त्यांस त्याचा अभिमान होता. सासरी आल्यावर ते सारे त्यांनी कोठे ठेविले, कोणी ठेवावयास लाविले, हे सांगणारे आता कोणी उरले नाही. पेटीत त्यांचे आणखी किती अंक होते, हेही कळण्याचा मार्ग आमच्याच हाताने आम्ही बंद केला. एका पानाने आमच्या घराचा इतिहास बदलला. मग पेटीभर पानांनी काय झाले असते, याचा विचार मनास चटका लावून जातो.

म्हणूनच ज्या घरांत जुनी मुलांची पुस्तके व मासिके अद्याप असतील, त्यांनी ती काढून टाकण्यापूर्वी त्यांचा काळ कसा ओळखावा, याविषयी चार शब्द लिहिणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. मुलांची पुस्तके मोठ्यांच्या ग्रंथांहून लवकर नष्ट होतात. ती खऱ्या अर्थाने वापरली जातात. त्यांची मुखपृष्ठे फाटतात, पहिली पाने निघून जातात, चित्रे कापून वह्यांत चिकटविली जातात. मासिके बांधून घेताना बांधणारा वेष्टणाचे कागद काढून टाकतो, आणि साल नेमके त्यावरच असते. त्यामुळे आतील खुणांवरून काळ ठरविण्याची कला अवगत असणे अवश्य आहे.

पहिली खूण छपाईची. अक्षरे हाताने लिहिल्यासारखी, एकाच ओळीतील दोन ‘क’ एकमेकांशी न जुळणारी असतील, तर ती शिळाछाप समजावी. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछपाईनेच पंचांग काढिले होते. प्रत्येक ‘क’ दुसऱ्या ‘क’सारखाच असून पानाच्या मागील बाजूस बोट फिरविले असता अक्षरांचा उठाव लागत असेल, तर ती खिळ्यांची छपाई. शिळाछाप बहुधा जुनी असते. तथापि पोथ्या पुढेही शिळेवर निघत राहिल्या, हे ध्यानी ठेवावे.

दुसरी खूण सालाची. जुन्या पुस्तकांवर पुष्कळदा इसवी सन नसून शक असतो. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो. जसे शके १८०३ म्हणजे १८८१. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतचा मजकूर असेल, तर मात्र ७९ मिळवावे लागतात. आवृत्ती कितवी आणि प्रती किती, हेही पुष्कळ जुनी पुस्तके प्रामाणिकपणे सांगतात. आवृत्तीचा आकडा पाहिल्यावाचून पहिल्या आवृत्तीचा अभिमान बाळगू नये. शेवटचे पानही पाहावे. १८६७ च्या २५ व्या कायद्याने छापणाराचे व प्रकाशकाचे नाव आणि स्थळ देणे बंधनकारक केले होते, आणि पहिले पान गेले तरी ही ओळ कधी कधी शेवटी सापडते. १८६७ च्या कायद्यान्वये नोंद केल्याचा उल्लेख असेल, तर पुस्तक त्यापूर्वीचे नव्हे, एवढे निश्चित.

तिसरी खूण किमतीची. किंमत आण्यांत असेल, तर पुस्तक बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीचे. कारण त्या दिवसापासून दशमान नाणी चालू झाली. किंमत नव्या पैशांत असेल, तर ते १९५७ ते १९६४ या सात वर्षांतले. कारण १९६४ साली ‘नवे’ हे विशेषण गळून नुसते पैसे राहिले. बालपणीचे एखादे चित्रमय पुस्तक आजोबांच्या वेळचे की वडिलांच्या वेळचे, असा घरात वाद असेल, तर हा एक आकडा तो वाद मिटवितो.

चौथी खूण लेखनाची. शब्दांच्या डोक्यावर न उच्चारले जाणारे अनुस्वार असतील, तर मजकूर बहुधा १९६२ पूर्वी जुळविलेला आहे. कारण त्या वर्षी साहित्य महामंडळाच्या नियमांनी हे अनुस्वार काढून टाकले. काही लेखक व छापखाने जुनी रीत पुढेही चालवीत राहिले, म्हणून या एकाच खुणेवर भिस्त ठेवू नये. पाचवी खूण पत्त्याची. मुंबईचा पत्ता ‘मुंबई ४’ अशा एकदोन अंकी क्रमांकाने संपत असेल, तर पुस्तक बहुधा १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीचे. त्या दिवसापासून सहा अंकी पिनकोड सुरू झाला. पत्त्यात पूर्ण पिनकोड असेल, तर ते निश्चितपणे त्यानंतरचे.

सहावी खूण हस्ताक्षराची. आणि ती आमच्या मते सर्वांत मोलाची. बक्षिसाची चिठ्ठी, वाढदिवसाची भेट म्हणून लिहिलेली ओळ, मुलाने घातलेले नाव व इयत्ता, यांवरून पुस्तक त्या तारखेस अस्तित्वात होते, एवढे सिद्ध होते. ते त्याच साली छापले, असे मात्र सिद्ध होत नाही. थोरल्या भावाचे पुस्तक धाकट्याने दहा वर्षांनी वापरलेले असू शकते. छापील खूण खालची मर्यादा सांगते आणि हस्ताक्षर वरची. या दोहोंच्या मध्ये सत्य सापडते. साल अनुमानाने ठरविले असेल, तर ते शाईने न लिहिता पेन्सिलीने, चौकटी कंसात लिहावे, म्हणजे पुढील माणसाची फसगत होणार नाही.

याउपर शंका राहिली, तर शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चे दोन भाग पाहावे. १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची ही गणती एका माणसाच्या चिकाटीचे आश्चर्यकारक फळ आहे. उपनगरांतील सभासदांस ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, जे १८९३ साली स्थापन झाले, आणि १८९८ साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय ही दोन्ही आगगाडीच्या थोड्याशा प्रवासावर आहेत. तेथील जुन्या संग्रहाशी आपली प्रत ताडून पाहता येईल.

पुस्तकाचे रक्षण कसे करावे, हेही थोडक्यात सांगतो. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक कालांतराने कागद पिवळा करून खातो. पान दोन्ही बाजूंनी प्लास्टिकमध्ये दाबून घेऊ नये. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्या. पुस्तके आडवी, स्वच्छ सुती कापडात गुंडाळून, भिंतीपासून दूर ठेवावी. आपल्या उपनगरांतील पावसाळी ओल भिंतीतूनच पाझरते. आणि सर्वांत आधी, प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवावे. हे काम घरातील मुलांकडे सोपविल्यास ती ते वडिलांपेक्षा चांगले करतील, आणि त्या निमित्ताने चार पाने वाचतीलही.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथे आज घरोघर जुन्या इमारती पाडून नव्या उठत आहेत. नव्या घरात माळा नसतो. म्हणून जुन्या माळ्यावरचे सामान खाली येते आणि दाराशी आलेल्या रद्दीवाल्याच्या तराजूत जाते. तराजूस फक्त वजन कळते. सभासद कुटुंबांस आमची हात जोडून विनंती आहे की, पेटी देण्यापूर्वी ती एकदा उघडावी. वडीलधाऱ्या मंडळींस जवळ बसवून, यांतील कोणते पुस्तक कोणाचे, हे विचारून घ्यावे आणि लिहून ठेवावे. पुढील स्मरणिकेत अशा पुस्तकांची एक यादी, साल व घरची हकीकत यांसह, देता आली, तर आपल्या कुटुंबांतील मुले, आणि विशेषेकरून मुली, केव्हापासून काय वाचीत आल्या, याचा एक अस्सल इतिहास आपोआप सिद्ध होईल.

विनायक कोंडदेव ओक यांनी साडेतेहेतीस वर्षे दर महिन्यास जे पाठविले, ते कोणाच्या हाती पडले, हे त्यांस कधीच कळले नसेल. गिरगावातील एका लहान मुलीने त्यांच्या अंकावर आपले नाव लिहिले होते, ही पोच त्यांस मिळाली नाही. सव्वाशे वर्षांनी ती आमच्या हाती आली. ते पान आता आम्ही जपून ठेविले आहे, आणि घरच्या वहीत पणजीबाईंच्या नावापुढे जी जुनी नोंद होती ती दुरुस्त करून, त्यांस लिहिता-वाचता येत होते, असे लिहिले आहे. त्या थोर बालबोधकारास आमचे हेच वंदन.